शेकरू आणि सीतेची आसवे: एकाच नोंदवहीत दोघांची तुलना कशी करायची

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे. गावच्या देवराईत शेकरू आहे, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे फुलतात आणि ‘लोक जैवविविधता नोंदवही’साठी, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदीसाठी, तुम्हाला दोघांची तुलना हवी आहे. कोण किती, कोण जास्त धोक्यात, मोजायचे कसे. त्यातच समितीने ठरवले आहे की शेकरूला रान कमी पडते, म्हणून यंदा पावसाच्या तोंडी सड्यावर खड्डे घेऊन झाडे लावायची. ते खड्डे घेऊ नका.

सड्यावर खाली जांभा आणि वर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. आसवे उगवतात तिथे बहुधा बोटभरच. दीड फुटाचा खड्डा म्हणजे तिथे मातीतला खड्डा राहत नाही, दगड फोडणे होते. कातळावरून पातळ पसरून वाहणारे पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि खालच्या अंगाची ओल पाऊस उघडला की लवकर तुटते. खड्ड्यातून निघालेला मुरूम शेजारी टाकला की तो पहिल्याच मोठ्या सरीत आसवांवर पसरतो. रोपांचे काय होते? बरीचशी पहिल्या उन्हाळ्यातच वाळतात. उरलेली वाऱ्याने आणि उथळ मातीने खुरटतात. खुरट्या, सुट्या झाडांचा शेकरूला काडीचा उपयोग नाही. म्हणजे एकाच्या नावाने खर्च करून दुसऱ्याचे घर मोडायचे आणि पहिल्यालाही काही मिळत नाही.

यातच तुमच्या तुलनेचे उत्तर आहे. प्राणी आणि फूल यांची आकड्याने तुलना होत नाही. ‘शेकरे ११ आणि आसवे लाखभर’ असे लिहून काहीच कळत नाही. तुलना करायची ती प्रत्येकजण कशावर तग धरून आहे याची. शेकरू तग धरते फांद्यांच्या जोडणीवर, आसवे तग धरतात कातळावरच्या पाण्याच्या पापुद्र्यावर. दोन्ही गोष्टी सलग असाव्या लागतात आणि दोन्ही एका चराने किंवा एका रस्त्याने तुटतात. आणखी एक साम्य मोजणाऱ्याला छळते: दोघांच्याही बाबतीत आपण मोजतो ती खूण. शेकरूची घरटी मोजतो, आसवांचे फुलोऱ्याचे दांडे मोजतो. ही खूण आणि खरी संख्या यांत अंतर असते, आणि नोंदवह्या फसतात त्या तिथेच.

आधी शेकरू. रटुफा इंडिका, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली मुख्यतः याच्यासाठी जाहीर झाले. मोठ्या जनावराचे वजन दीड ते दोन किलो, शेपूट धडाएवढी किंवा त्याहून लांब. आपल्या घाटातल्या शेकरूची पाठ तांबूस-तपकिरी, पोट सायीच्या रंगाचे आणि शेपटीचे टोक फिकट असते. गावात कोणी ‘उडती खार’ म्हणाले तर पहिला प्रश्न विचारा, दिवसा पाहिली की रात्री? उडती खार वेगळी. ती रात्री निघते आणि पुढच्या-मागच्या पायांमध्ये ताणलेल्या कातडीवर तरंगत जाते. शेकरू दिवसा वावरते आणि निव्वळ उडी मारते. एका उडीत पाच-सहा मीटर अंतर कापते. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे रस्त्याच्या वेळी लागेल.

ते खाताना पाहायला मिळाले तर नीट पाहा. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरते, पुढचे अर्धे अंग एका बाजूला खाली सोडते आणि शेपूट दुसऱ्या बाजूला लोंबत ठेवते. तराजूच्या दोन पारड्यांसारखे. दोन्ही हात फळाला मोकळे राहतात. बारीक फांदीवर दोन किलोचे जनावर टिकते ते या तोलामुळे. खालून पाहणाऱ्याला मात्र आधी नुसती लोंबती शेपूट दिसते आणि तो तिला वेलीचा झुबका समजून पुढे जातो. मोजणीत शेकरू निसटण्याचे हे एक नेहमीचे कारण.

घरटे ओळखायला सोपे, फसायलाही सोपे. शेकरूचे घरटे म्हणजे काटक्या आणि पानांचा बंद गोळा, फुटबॉलपेक्षा मोठा, झाडाच्या वरच्या भागात आणि बहुतेकदा शेजारच्या झाडाच्या फांद्या येऊन मिळतात त्या जागी. पळून जायला दोन-तीन वाटा हव्यात, म्हणून ही निवड. कावळ्याचे घरटे वरून उघडे असते, वाटीसारखे. हुमल्यांचे घरटे हिरव्या पानांना पाने चिकटवून केलेले असते, त्यात काटक्या नसतात. काळ्या मुंग्यांचे घरटे तपकिरी, पापुद्र्यांचे, फांदीला लिंपल्यासारखे दिसते. दुर्बिणीतून काटकीची टोके बाहेर आलेली दिसली नाहीत तर ते शेकरूचे म्हणून लिहू नका. ८×४२ची दुर्बीण पुरते. १०च्या दुर्बिणीत मान वर करून पाहताना हात थरथरतो आणि चित्र हलते.

मोजणीचा काळ डिसेंबर ते मे. पावसात धुके आणि पाने दोन्ही आड येतात. वेळ सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर. भर दुपारी शेकरू फांदीवर पसरून पडलेले असते किंवा घरट्यात असते. एक किलोमीटरची वाट आखा आणि ती एका तासात चाला, त्याहून जलद नाही. दोघे चाला. एकजण वर पाहील, दुसरा लिहील. दोघेही वर पाहू लागले की एकजण पडतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना २० मीटरपर्यंतचीच घरटी धरा. दाट रानात त्यापलीकडचे दिसत नाही, आणि जे दिसते ते कुठे झाड विरळ आहे म्हणून दिसते. ते धरले की विरळ रानात शेकरे जास्त असा उलटा निष्कर्ष निघतो. अंतर मोजायचे ते झाडापासून वाटेपर्यंत सरळ काटकोनात. तुम्ही उभे आहात तिथपासून मोजणे ही नवशिक्याची हमखास चूक.

प्रत्येक घरट्याला तीन वर्गांपैकी एक द्या. ताजे: वर हिरवी किंवा नुकती सुकलेली पाने. जुने: पाने तपकिरी, पण गोळा भरीव. मोडके: आरपार उजेड दिसतो. सोबत झाडाचे नाव, छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर, घरट्याची अंदाजे उंची आणि त्या झाडाचा शेंडा किती शेजारी झाडांना भिडतो ती संख्या. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि बहुतेक तक्त्यांत तोच नसतो. मोबाइलवरचे स्थान दाट झाडीखाली दहा-दहा मीटर सरकते, म्हणून पुढच्या वर्षी तेच झाड सापडायला घेर आणि नाव कामी येतात. खोडावर खडूची रेघ चालेल. खिळा ठोकू नका.

आता हिशेब. समजा सहा वाटा झाल्या. सहा किलोमीटर गुणिले ४० मीटर रुंदी म्हणजे २४ हेक्टर. घरटी ३६ सापडली, त्यातली ताजी १२. तर लिहा: हेक्टरी दीड घरटे, त्यातले ताजे हेक्टरी अर्धे. ‘३६ शेकरे’ लिहू नका, ‘१२ शेकरे’सुद्धा नाही. एकच शेकरू आपल्या फिरण्याच्या टापूत अनेक घरटी बांधते, काही झोपायला, एखादे पिलांसाठी, आणि जुनी सोडून नवी करते. घरट्यांवरून डोकी काढायची तर आधी तुमच्याच रानात एका शेकरूमागे किती घरटी पडतात हे महिनोन्‌महिने पाहून काढावे लागेल. ते नसेल तर घरट्यांचा आकडा हा फक्त वर्षावर्षाची तुलना करण्याचा मापदंड आहे, आणि तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. प्रत्यक्ष दिसलेली शेकरे वेगळ्या रकान्यात, वेळेसकट.

आता आसवे. नाव एक असले तरी त्या नावाखाली एकाहून अधिक जाती येतात. सड्यावर गालिचा घालणारी बहुधा युट्रिक्युलारिया परप्युरासेन्स. दांडा सरळसा, फूल जांभळट निळे, सेंटिमीटरभराचे, खालचा ओठ रुंद, त्याच्या बुडाशी फिकट ठिपका आणि मागे खाली वळलेले टोकदार शिंग. भातखाचरात गवताला किंवा भाताच्या काडीला वेढे घालत चढणारी, मोठ्या फुलाची आणि ओठावर गडद शिरांची जाळी असलेली ती युट्रिक्युलारिया रेटिक्युलाटा. ओल्या उभ्या कातळावर पांढुरके कानासारखे बारीक फूल दिसले तर तीही याच कुळातली, पण तिसरीच. म्हणून प्रत्येक जागी फुलाचे तीन फोटो घ्या: समोरून, बाजूने शिंग दिसेल असा आणि मागून निदलपुंज दिसेल असा. शेजारी पट्टी ठेवा. नुसत्या निळ्या गालिच्याच्या फोटोवरून जात सांगता येत नाही, कितीही सुंदर आला तरी.

या झाडाला मुळे नाहीत. ओल्या मातीत केसासारखे धागे पसरलेले असतात आणि त्यांवर बारीक पिशव्या. बघायच्या असतील तर सगळ्या सड्यावर मिळून एकच जागा निवडा, चमच्याने दोन-तीन सेंटिमीटरचा मातीचा चौकोन उचला, पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात हलकेच विरघळू द्या आणि १० पट भिंगातून पाहा. खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, पारदर्शक ठिपके दिसतील. प्रत्येक पिशवी आतले पाणी बाहेर ढकलत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी झडप आणि संवेदनशील केस. केसाला सूक्ष्म जीव लागला की झडप आत उघडते, पाणी आणि जीव दोन्ही खेचले जातात. पाण्यात तरंगणाऱ्या जातींमध्ये ही ओढ एका मिलिसेकंदाहून कमी वेळात होते असे मोजले आहे. पुन्हा सज्ज व्हायला मात्र पाव-अर्धा तास. पाहून झाले की मातीचा चौकोन होता तिथे परत दाबा.

या पिशव्यांचा तुमच्या नोंदवहीशी संबंध असा: सड्याची माती निकस असते, नत्र आणि स्फुरद धुऊन गेलेले असते. इतर झाडांना जिथे पोट भरत नाही तिथे हे शिकार करून भरते. पण पिशवीला चालायला पाणी लागते. आणि जमीन सुपीक झाली तर गवत वाढून याला झाकून टाकते. म्हणून सड्यावर शेणखत, गाळ किंवा तळ्यातला उपसा टाकणे हे त्याला मारण्यासारखेच आहे. ‘गाळमुक्त तलाव’च्या कामात उपसा सड्यावर ओतायचा बेत कोणी मांडला तर तिथेच थांबवा.

आसवे मोजायला चौकट लागते. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. पाइपला दोन-चार भोके पाडा, नाहीतर आत हवा राहून चौकट पाण्यावर तरंगत सरकते. दर १० सेंटिमीटरवर सुतळी बांधली की आडव्या नऊ आणि उभ्या नऊ दोऱ्यांत शंभर घरे होतात. फुले दाट असतील तर शंभरही घरे मोजू नका. कोणती दहा घरे मोजायची ते घरून ठरवून कागदावर लिहून न्या आणि आलेल्या बेरजेला दहाने गुणा. जागेवर जाऊन घरे निवडली की डोळा आपोआप भरगच्च घराकडे जातो. कितीही प्रामाणिक माणूस असो, हे होतेच.

चौकटी कुठे टाकायच्या? कोरड्या कातळापासून पाझराच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा पलीकडे कोरड्यापर्यंत दोरी ताणा आणि दर दोन मीटरवर एक चौकट ठेवा. प्रत्येक चौकटीत मातीची खोली आणि वरच्या पाण्याची उंची घ्या. त्याला सायकलचा जुना स्पोक उत्तम, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. खाली टक्‌ असे लागले की जांभा आला. पाच-सहा दोऱ्या झाल्या की आसवे कुठल्या खोलीला सुरू होतात आणि कुठे गेंद, दवबिंदू (हीसुद्धा सड्यावरची फुलझाडेच) किंवा गवत त्यांची जागा घेते, ते कागदावर स्पष्ट दिसते. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामातला सर्वांत टिकाऊ कागद हाच असेल. पुढे कोणी चर काढला तर नुकसान कुठे झाले हे दाखवायला तोच लागेल.

मोजायचे ते दांडे. एका झाडाचे किती दांडे हे उपटल्याशिवाय कळत नाही, आणि उपटायचे नाही. दांड्यांचे तीन रकाने करा: कळी, फूल, फळ. जोराच्या सरीने पाकळ्या गळून पडतात आणि सडा एका रात्रीत ओकाबोका दिसतो, पण दांडा उभाच असतो आणि निदलपुंजाची दोन दले बोंडाला दोन्ही बाजूंनी धरून असतात. फक्त फुलेच मोजणाऱ्याला त्या दिवशी ‘आसवे संपली’ असे वाटते. म्हणून दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन फेऱ्या, ऑगस्टच्या शेवटापासून. उभे राहायचे ते उघड्या कातळावर. तो जवळ नसेल तर फळी टाका. मोजणाऱ्यांनीच पाझर तुडवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

चौकटीमागे सरासरी ४२ दांडे आले म्हणून ते सगळ्या सड्याच्या क्षेत्रफळाने गुणू नका. आसवांची जागा म्हणजे तो ओला पट्टा. आधी पट्ट्याची लांबी-रुंदी टेपने मोजा आणि फक्त त्याला गुणा. लाखभर हा आकडा तुमच्या तक्त्यात कसा आला याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता आकडे वाचायचे कसे. इथे दोघे अगदी वेगळे आहेत. उन्हाळ्यात सड्यावर आसवांचे नावनिशाण नसते, पुढचा पाऊस पडला की मातीतल्या धुळीएवढ्या बियांतून पुन्हा उगवतात. पाऊस उशिरा आला, मध्ये मोठी उघडीप पडली तर एखाद्या वर्षी दांडे निम्म्यावर येतील. एवढ्याने घाबरू नका. ओल्या पट्ट्याची रुंदी मात्र सलग दोन-तीन वर्षे आकसत असेल तर पाणी कुठे वळले ते शोधा. शेकरूचे उलट. एका वेळी एक-दोन पिले, क्वचित तीन, त्यामुळे संख्या उड्या मारत नाही. ताज्या घरट्यांत एका वर्षात मोठी घट दिसली तर आधी मोजणीची चूक तपासा, मग त्या वर्षी कुठली झाडे तोडली, कुठे वाट रुंद केली ते पाहा.

‘जास्त धोक्यात कोण’ याला आंतरराष्ट्रीय यादीतला दर्जा उत्तर म्हणून लिहू नका. जगभराच्या हिशेबात शेकरू कमी चिंतेच्या वर्गात आहे आणि तरीही ते एखाद्या चार एकरांच्या तुटक देवराईतून कायमचे जाऊ शकते. पश्चिम घाटातली कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही ठिकाणे २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली, पण तुमचा सडा कुठल्याच यादीत नसेल. गावापुरता धोका गावातच मोजायचा: शेकरूसाठी शेंड्यांमधली सर्वांत मोठी फट किती मीटर, आसवांसाठी ओल्या पट्ट्याला छेदणारे चर, चाकोऱ्या आणि भराव किती. हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. खरी तुलना ती.

फट सहा मीटरच्या पुढे गेली की शेकरूला जमिनीवर उतरावे लागते आणि खाली कुत्री असतात. झाडे लावायची तर तिथे लावा: कड्याखाली, देवराईच्या कडेला, रानाचे दोन तुकडे जिथे जवळ येतात त्या बांधांवर. जांभूळ, आंबा, हिरडा, अंजन, उंबर. पाच-सहा मीटरवर एक, म्हणजे शेंडे एकमेकांना भिडतील. भिडायला पंधरा-वीस वर्षे जातील हे समितीला आधीच सांगा. तोवर आहेत त्या वेली तोडू देऊ नका, गारंबीसारखा जाड वेल हा शेकरूचा तयार पूल असतो. रस्त्यावर दोराचा पूल बांधायचा तर वनविभागाला विचारून, सर्वांत उंच वाहनाच्या बऱ्याच वर, आणि दोर खोडाला जुन्या ट्यूबची पट्टी घालून बांधा. झाड जाड होत जाते तसा दोर सालीत रुततो, म्हणून दर वर्षी सैल करावा लागतो. शेजारून उघडी वीजवाहिनी जात असेल तर आधी ती झाकून घ्या, मग पूल.

सड्यासाठी करण्यापेक्षा न करण्याच्याच गोष्टी जास्त. सलग समतल चर सड्यावर नकोत, ते उताराच्या मातीसाठी असतात. चिऱ्याच्या खाणीचा ना-हरकत दाखला मागायला कोणी आले तर ओल्या पट्ट्याचा नकाशा ठरावाला जोडा. पायवाट कोरड्या कातळावरून वळवा. गुरे पूर्ण बंद करण्याची घाई करू नका. चराई अजिबात थांबली की उंच गवत माजते आणि ठेंगणी फुले त्याखाली दबतात. गुराख्यांना फक्त एवढे सांगा की फुलोऱ्याच्या महिन्या-दीड महिन्यात कळप पाझरात बसवू नये. सड्यावर मुरलेले पाणी कड्याखालच्या झऱ्यांना जाते, त्यामुळे पट्टा राखला तर देवराईच्या ओढ्यालाही पाणी राहते.

दोघांची पाने नोंदवहीत समोरासमोर ठेवा आणि पहिल्या वर्षी हे आठ रकाने पुरेत: जागा, तारीख, मोजलेले क्षेत्र, खुणेचा प्रकार, संख्या, अवस्था, सलगता कुठे तुटली आणि कोणी मोजले. ‘अवस्था’ या रकान्यात शेकरूला ताजे-जुने-मोडके आणि आसवांना कळी-फूल-फळ. जागा अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीची प्रत पहिल्या पानाला चिकटवा, आणि चौकटीच्या कोपऱ्यांच्या खुणा जवळच्या उघड्या कातळावर ऑइलपेंटच्या एका ठिपक्याने करा. जांभ्यावर पिवळा रंग चार पावसाळे दिसतो, पांढरा शेवाळाखाली पहिल्याच वर्षी हरवतो.